मास्तरांनी पाडलेला उजेड

मी प्रवाळ बोलतोय. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात, उजवीकडच्या दगडावर बसलेला, लांब हिरवट बोटांचा. घरी आलेले पाहुणे मला आधी झाड समजतात, मग दगड समजतात, आणि मी प्राणी आहे असं कोणी सांगितलं की त्यांचा आवाजच बदलतो, जणू मी इतका वेळ त्यांना फसवत होतो. मी कुणाला फसवलेलं नाही. मला तोंड आहे, पोट आहे, भूकही आहे. डोळे मात्र नाहीत. उजेड मला अंगभर कळतो, तेवढ्यावर माझं भागतं. मग बाकीचं सगळं तुला कसं ठाऊक, असं विचाराल. काच पातळ आहे, आणि या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात.

उजेडावर भागतं हे मी उगाच म्हटलं नाही. माझ्या कातडीत अगदी बारीक, तपकिरी जीव राहतात. ते माझे भाडेकरू. उजेड मिळाला की ते त्यातून अन्न रांधतात आणि घरमालकाला, म्हणजे मला, वाढतात. भाडेकरूंनी मालकाला पोसल्याचं माणसांमध्ये माझ्या तरी ऐकिवात नाही. माझा रंग म्हणतात तोही बराचसा त्यांचाच. पण मंडळी मोठी मानी. उजेड कमी पडला तर कुरकुरतात, आणि फार झाला तर बोचकी बांधून चालू लागतात. ती गेली की मागे मी उरतो, पांढराफटक आणि उपाशी. म्हणून डोक्यावर कोणता दिवा लागतो, यावर आमचं जगणं-मरणं ठरतं.

माझा जन्म करवतीनं झाला. एक बाई मोठ्या शेडमध्ये, लांबलचक हौदांत प्रवाळ वाढवायची. माझ्या आईचा एक फाटा तिनं कापला, छोट्याशा दगडी चकतीवर चिकटवला, आणि झालो मी. आई तिथंच राहिली, कापल्या जागी पुन्हा फुटली. आमच्यात असंच असतं. शेडवाली बाई कामाला लागली की शीळ घालायची, आणि नव्यानं कापलेल्या प्रत्येकाला आधी हौदाच्या तळाशी सावलीत ठेवायची.

तिथून मी मासे विकणाऱ्या एका दुकानात आलो. दुकानदार सावकाश बोलणारा माणूस. प्रत्येक वाक्याच्या आधी ‘बघा हं’ म्हणायचा, मग काय बघायचं ते आठवायचा. त्याच्याकडूनच मला मास्तरांनी घेतलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांनी उभा जन्म नाटकांना उजेड दिला. पडद्यामागे सगळे त्यांना मास्तर म्हणत, तेच नाव घरीदारी चिकटलं. काम सोडून घरी बसल्यावर एकदा दात दाखवायला गेले असताना त्यांना दवाखान्यात अशी पेटी भेटली. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, तो रंगमंच आहे. समोर काच, वर दिवा, आत नट. फक्त संवाद पाठ करून घ्यावे लागत नाहीत." या बायकोला सगळे काकू म्हणतात. काकूंना वाटलं, दात दुखायचा थांबला की खूळही जाईल. दात थांबला, पेटी आली. पेटीत वाळू आली, दगड आले, दोन नारिंगी मासे आले, एक गोगलगाय आली, आणि मग मी.

पहिला दिवा त्यांनी पलंगाखालून काढला. नाटकातला जुना दिवा होता तो, भोपळ्याएवढा. टेबलावर स्टूल, स्टुलावर दिवा. लावला तसं पाणी तापायला लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. काकूंनी पाण्यात बोट घातलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, मासे पाळायचेत की उकडायचेत?" दिवा पुन्हा पलंगाखाली गेला.

मग रीतसर दिवा आणायचं ठरलं. दुकानदार तीन दिवे घेऊन घरीच आला. त्या दिवशी सूनबाईही घरी होत्या. मास्तरांचा मुलगा कामासाठी सारखा बाहेरगावी असतो, त्यामुळे घरात माणसं तीनच. सूनबाई छापखान्यात काम करतात. छापून आलेला रंग मुळासारखा आहे की नाही, हे बघणं त्यांचं काम. लाल जरा जड झालाय म्हणून त्या अख्खी छपाई थांबवतात, आणि कोणी ब्र काढत नाही.

"बघा हं," दुकानदार म्हणाला, "हा लहान. यात मासे दिसतील, प्रवाळ उपाशी राहील. हा मधला. तुमच्या पेटीला हाच. आणि हा तिसरा मी आणलाच नसता, पण मास्तर फोनवर म्हणाले, असेल तो सगळ्यात मोठा घेऊन ये."

त्यानं मधला लावला. काय सांगू तुम्हाला. उन्हाळ्याच्या सकाळी खोल पाण्यात जसा उजेड उतरावा, तसा तो माझ्यावर उतरला. माझे भाडेकरू चुलीपाशी धावले. मी बोटं पसरली.

मास्तर पेटीभोवती फिरून आले. मग म्हणाले, "यात निळा कुठे आहे?"

"निळाच चालू आहे, मास्तर. पांढरा अजून लावलेला नाही."

"मग फारच मिळमिळीत आहे. तो मोठा लाव बघू."

मोठा लागला. सूनबाईंनी डोळ्यांवर हात धरला असावा, कारण त्या म्हणाल्या, "बाबा, मला बघवत नाही याच्याकडे."

"त्याच्याकडे बघायचंच नसतं, पोरी. तो ज्याच्यावर पडतो त्याच्याकडे बघायचं."

"नाकापेक्षा मोती जड," काकू म्हणाल्या.

मोठाच घेतला. जाताना दुकानदारानं बजावलं, "बघा हं, याचा पाव भागच वापरा. उंच टांगा. वाढवायचा झाला तर आठवड्या-आठवड्यानं, जरा जरा."

"उजेड कसा चढवायचा ते आता तू मला शिकवणार?" मास्तर म्हणाले. रागानं नव्हे, हसून. पण टांगला तो खालीच.

दिव्याला दोन बटणं होती, एक पांढऱ्याचं, एक निळ्याचं. मास्तर रोज सकाळी समोर खुर्ची टाकून बसत. "आज जरा मळकट वाटतंय," असं स्वतःशीच म्हणत आणि निळ्याचं बटण थोडं फिरवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मळकट. पुन्हा थोडं. निळा हवा तसा दिसेना म्हणून पांढराही चढवून पाहिला. माझ्या डोक्यावर जणू बाराही महिने, बाराही तास टळटळीत दुपार. गोगलगाय दगडामागे गेली ती बाहेर येईना.

घराचीही तऱ्हा झाली. काकू भाजी निवडायला दिवाणखान्यात बसत, त्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या, कारण इथं हिरवी भाजी काळी दिसत होती. समोरच्या घरातल्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे दिवसभर एवढा मोठा टीव्ही चालू असतो का. एकदा सूनबाई कामावरून आल्या आणि दारातच थबकल्या.

"बाबा, भिंती निळ्या झाल्यात."

"निळ्या? दुधासारखा स्वच्छ उजेड आहे."

सूनबाई हसल्या. त्यांना वाटलं, मास्तर गंमत करताहेत.

मला मात्र गंमत वाटत नव्हती. भाडेकरू एकेक करून निघाले होते. आधी टोकांकडचे गेले, मग मधले. मी बोटं आखडून घेतली. पोटात काही नाही आणि वरून आग. अशात एका संध्याकाळी सूनबाई काचेशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, हा पांढरा पडलाय."

"पांढरा कुठला? सोनेरी झालाय, भाजलेल्या बिस्किटासारखा. उजेड मानवला त्याला."

"पांढरा आहे, बाबा."

"पोरी, मी उजेड खाऊन मोठा झालोय."

त्यावर सूनबाई काही बोलल्या नाहीत. सासऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून नव्हे. त्यांना स्वतःबद्दलच शंका आली होती. दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर गेले असताना त्या पेटीशेजारी काकूंजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आई, आज कामावर मी एकेक पान दोन-दोनदा तपासत होते. बाबांना सोनेरी दिसतं म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. माझा डोळा बिघडला तर मला तिथं कोण ठेवेल?"

काकूंनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुझा डोळा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांचा नाही. गेले कित्येक महिने मी ह्यांच्या मोज्यांच्या जोड्या लावून ठेवतेय. एक काळा, एक गडद निळा घालून हिंडायचे. चहा ओतताना भांड्याचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मगच ओततात. मी बोलले नाही. उजेडाचा माणूस तो. त्याला डोळ्यावरून कसं बोलायचं?"

दार वाजलं नव्हतं, पण मास्तर आत आलेले होते.

"मोज्यांचं मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "जोड्या आपोआप लागत नसतात, एवढं कळतं मला."

मग मास्तर खुर्चीवर बसले आणि बोलायला लागले. त्यांच्या शेवटच्या नाटकात चांदण्याचा एक प्रवेश होता. नायिका बागेत एकटी बसलेली. त्यांना चांदणं मळकट वाटलं म्हणून त्यांनी ते वाढवलं, आणखी वाढवलं. प्रवेश संपल्यावर दिग्दर्शक वर दिव्यांच्या खोलीत आला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, मास्तर, चांदणं हवं होतं, अंगावर वीज पडल्यासारखं दिसत होतं.

"तो चांगला पोरगा. ओरडला असता तर बरं झालं असतं," मास्तर म्हणाले. "मी त्या खोलीच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि सांगितलं, वय झालं."

"मग डॉक्टरांकडे का नाही गेलात?" सूनबाईंनी विचारलं.

"ते काय सांगणार ते मला माहीत होतं. मोतीबिंदू, तोच निळा गाळतो, काढून टाका. आणि काढताना हात चुकला तर? पिवळं पिवळं का होईना, दिसतंय ना. आहे तेही जाईल."

"तुम्हाला पिवळं दिसतंय, पण चटका याला बसतोय, बाबा."

मास्तर उठले. त्यांनी तळवा काचेला लावला, नेमका माझ्यासमोर. "मरतोय का हा?"

"मरायला टेकलाय."

मास्तरांनी हात काढून घेतला. मग म्हणाले, "आजपासून बटणं तुझ्याकडे. हा वाचला, तर मी डोळा दाखवायला येईन."

"आणि नाही वाचला तर?" काकूंनी विचारलं.

मास्तर चपला घालून पुन्हा बाहेर गेले.

आता बघा, मी केवढा, माझा जीव केवढा, आणि एका माणसाची दृष्टी माझ्यावर येऊन बसली. दुकानदाराला बोलावलं. तो ‘बघा हं’ म्हणाला आणि पुढे काही बोललाच नाही, यावरून माझी अवस्था ओळखा. त्यानं दिवा उंच टांगला, दोन्ही बटणं खाली आणली आणि मला दगडावरून उचलून तळाशी, कपारीच्या सावलीत ठेवलं. "भाडेकरू परत येईपर्यंत याला हातानं भरवा," तो म्हणाला. हे भाडेकरूंचं त्याच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

भरवायचं काम काकूंनी घेतलं. लांब चिमट्यात कोळंबीचा कण धरून त्या माझ्या तोंडाशी आणायच्या आणि बोलत बसायच्या. समोरच्या बाईंचं बोलायच्या, गुडघ्याचं बोलायच्या. "खा बाबा, तुझ्यामुळे माझं माणूस अडलंय," असंही म्हणायच्या. खायची इच्छा खूप होती, पण बोटं उघडायचं त्राण नव्हतं. कण वाहून जायचा आणि नारिंगी मासे तो मटकावायचे. माझ्या आजारपणात ते दोघे चांगले गुबगुबीत झाले.

सूनबाई रोज संध्याकाळी येऊन उकिडव्या बसायच्या आणि सांगायच्या, "अजून पांढराच." शेवटी काकू त्यांना म्हणाल्या, "अगं, रंग यायला लागला म्हणून सांग की. त्यांना कुठे दिसतंय?"

"म्हणूनच नाही सांगायचं, आई," सूनबाई म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. खोट्या रंगानं वाचण्यात काही अर्थ नव्हता.

एका दुपारी काकू फोनवर बहिणीशी बोलत होत्या. ते बोलणं लवकर संपत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांनी चिमटा स्वतः उचलला. हात पाण्यात आला तो चाचपडतच. एकदा दगडाला लागला, एकदा वाळूत रुतला. नक्की कुठे आहे मी, हे त्यांना उमगत नव्हतं. मग चिमट्याचं टोक माझ्या एका बोटाला हळूच लागलं आणि तिथंच थांबलं. हलवलं नाही त्यांनी. वाट बघत राहिले. मीही काय उरलंसुरलं होतं ते गोळा केलं आणि तो कण धरला. एका बोटानं, मग शेजारच्या दोन बोटांनी. धरून आत ओढला.

"धरलं," मास्तर म्हणाले. मग मोठ्यानं, "अगं, यानं धरलं."

"काय धरलं?" काकू फोन घेऊनच आल्या.

"चिमटा ओढला यानं. हे बघ, मी ओढतोय तर सोडत नाही."

"रंग आलाय का?"

"रंगाचं मला काय विचारतेस? पण ज्याला जायचंय, तो असं धरून ठेवत नाही."

त्या संध्याकाळी सूनबाई आल्या, तेव्हा मास्तर बाहेरचे कपडे घालूनच बसले होते. "डॉक्टर आज भेटतील की उद्या?" त्यांनी विचारलं.

एका डोळ्याचं काम आधी झालं. दवाखान्यातून आल्यावर मास्तर सगळ्यांना सांगत होते, "एवढ्यात संपलं? मला वाटलं मध्यंतर झालंय." डोळ्यावर पट्टी होती तोवर ते पेटीकडे फिरकले नाहीत. पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले, ते चपला न काढता थेट खुर्चीवर येऊन बसले.

त्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली. मग म्हणाले, "हा निळा... हा इथं होता सगळा?"

"होता," सूनबाई म्हणाल्या.

मग त्यांचा खेळच सुरू झाला. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. "या डोळ्यानं जुनं घर, या डोळ्यानं नवीन." आपले पांढरे सदरे पिवळे पडलेत, हे त्यांना कळलं. स्वयंपाकघराची भिंत फिकट हिरवी आहे, हेही कळलं. ती त्यांनीच पसंत केली होती, साय-रंगाची म्हणून. मग काकू समोर आल्या तसे ते थांबले.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही चांदणं वाढवत होता तेव्हा," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर सूनबाईंना म्हणाले, मी लावायचो तसा एकदा लावून दाखव. सूनबाईंनी माझ्यावर आधी एक बशी पालथी धरली आणि मग बटणं फिरवली. मास्तरांनी पुरतं पाहिलंही नाही. "बंद कर," म्हणाले. थोड्या वेळानं चिमटा घेऊन माझ्यापाशी आले. कण पुढे करून हळू आवाजात म्हणाले, "भाजला असशील रे." मी खात होतो. उत्तर देणं जमलं नाही.

मग पुन्हा दुकानदार आला, मधला दिवा घेऊन. मोठा तो परत घेऊन गेला. हौदाएवढी पेटी असलेलं त्याचं एक गिऱ्हाईक होतं, त्याला तो अगदी बेताचा झाला. या वेळी दिवा निवडायला तिघंही बसली आणि चांगलं घमासान झालं. सूनबाईंना माझा रंग मुळासारखा दिसायला हवा होता. काकूंना मासे नारिंगी दिसायला हवे होते आणि भाजी हिरवी. दुकानदार ‘बघा हं, बघा हं’ करत मधे मधे पडत होता. मास्तर मात्र दिव्याकडे बघतच नव्हते. बटण थोडं फिरवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी बोटं आखडली की मागे घ्यायचे, पसरली की तिथंच थांबायचे.

"काय बघताय एवढं?" काकूंनी विचारलं.

"नटाला विचारतोय," मास्तर म्हणाले.

असा माझा दिवा ठरला. सकाळी तो झटकन लागत नाही. आधी खोल निळा, मग त्यात पांढरा मिसळत जातो, दुपारी जरा भरतो आणि संध्याकाळी तसाच उतरत जातो. हे चढणं-उतरणं मास्तरांनी बसवलंय, आणि त्यात त्यांचा हात कुणी धरू नये. नवीन डोळ्यानं ते बघतात आणि जुना हात ते करतो. माझे भाडेकरू परतलेत. आधी एक-दोन आले, मग त्यांचा गोतावळा. सूनबाईंनी ज्या दिवशी "आला, आज तपकिरी आला" असं म्हटलं, त्या दिवशी काकूंनी माझ्या नावानं माशांना दोन कण जास्त टाकले. आता मी पुन्हा उजवीकडच्या दगडावर आहे, आणि एका तोंडाची माझी दोन तोंडं झालीत. एकानं खातो, दुसऱ्यानं तुमच्याशी बोलतो असं समजा.

तुम्ही कुणी घरी अशी पेटी ठेवणार असाल, तर माझं एवढं ऐका. दिवा दुकानात किती झगमगतो, यावर भाळू नका. तो ज्याच्यावर पडणार आहे, त्याच्याकडे बघा. आम्ही बोलत नाही, पण उघडतो आणि मिटतो, ते वाचायला शिका. कमी उजेडापासून सुरुवात करा. उपाशी माणूस वाट बघू शकतो, भाजलेल्याला वेळ नसतो. आणि तुमच्या घरातलं एखादं वडीलधारं माणूस तुमच्याशेजारी बसून "यात निळा कुठे आहे?" असं विचारू लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांची वेळ घ्या आणि बरोबर जा.

संध्याकाळ होत आली. दिवा उतरायला लागलाय, मलाही आता बोटं मिटायला हवीत. बाहेर अजून बोलणं चाललंय. दुसऱ्या डोळ्याचं काम उद्यावर आलंय, आणि मास्तर टाळाटाळ करताहेत. एक डोळा असाच पिवळा राहू दे म्हणतात. त्यानं जुनी नाटकं बरी आठवतात.

"नाटकं पुरे," काकू म्हणाल्या. "पिशवी भरून दाराशी ठेवलीय. सकाळी लवकर निघायचंय."

मास्तरांची पावलं दारापर्यंत जाऊन परत आली. मग म्हणाले, "मोजे ठेवलेस का?"

"तुमचे तुम्ही ठेवा," काकू म्हणाल्या. "आता दिसतात तुम्हाला."